माझं खत लोणीत पडलंय

आमच्याकडे माणसाची बढती आधी फ्लेक्सवर लागते, मग कागदावर येते. माझी फ्लेक्सवर लागली आणि तिथंच राहिली. हा किस्सा मी टपरीवर इतक्यांदा सांगितलाय की आता ऐकणारेच मला पुढचं वाक्य सुचवतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी आहे त्यापेक्षा मोठा गाढव ठरतो. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकू. निदान गाढवपणाचं माप तरी बरोबर राहील.

मी कळंबच्या एका खाजगी डेअरीत टेस्टर आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून दुधाचे कॅन येतात. प्रत्येकातलं थोडं दूध यंत्राला लावायचं, फॅट किती लागते ते बघायचं, पाणी मारलंय का ते बघायचं आणि मारलेलं असलं तर आणणाऱ्याच्या शिव्या खायच्या. घर येडगावला, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. घरात मी, बायको आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी. शेजारी माझे सख्खे चुलते, नाना. आमच्या भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून टोमॅटो लावले. नानांनी मेंढरं ठेवली. का म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, "टोमॅटो हाक मारल्यावर येत न्हाई."

तर झालं असं, की आमचा लोणीकडचा सुपरवायझर नोकरी सोडून दुसऱ्या डेअरीत गेला आणि जाताना तिकडची केंद्रंही बरोबर न्यायच्या बेतात होता. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब कळंबचेच, बागायतदार घरातले, बोलायला रोखठोक.

"उद्यापास्नं लोणीकडची केंद्रं तू बघायची. सुपरवायझर म्हणून. पगार ह्या महिन्यापासून वाढवून देतो. पुण्याच्या हेड ऑफिसचं मंजुरीचं पत्र येईल मागनं."

यातली पहिली तीन वाक्यं मी ऐकली. चौथं निघेपर्यंत मी मनानं येडगावात पोचलो होतो.

ही बातमी मी फक्त बायकोला सांगितली. बायकोनं फक्त तिच्या भावाला सांगितली. पुढच्या रविवारी देवळापुढं माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. बांधणाऱ्यानं फेटा इतका आवळला की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या, आणि त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मी स्वतःच्याच बढतीचं आश्चर्य करताना दिसतो. शिवाय फ्लेक्स होताच. मधोमध गॉगल लावलेला मी, वर 'सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत अगदी कडेला नाना, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. फ्लेक्सचे निम्मे पैसे त्यांनीच दिले होते, त्यामुळे कोकराला नको कोण म्हणणार? कोकराचा फोटो नानांपेक्षा स्पष्ट आला होता. बायकोच्या मते माझ्यापेक्षाही.

असले दोन फ्लेक्स छापले. एक येडगावात लागला. दुसरा चुलतभावांनी थेट कळंबला नेऊन डेअरीच्या गेटासमोर लावला. "तुज्या सायबाला बी कळू दे कोन हाय ते!" मी म्हटलं, अरे, त्यानंच केलंय. पण उत्साहाला कोण आवरणार.

लोणी म्हणजे आंबेगावची पूर्व बाजू. तिकडं पाण्याची टंचाई, म्हणून गाईवर पोट. सकाळी केंद्रावर बाया, बाप्ये, शाळेला निघालेली पोरं, सगळे किटल्या घेऊन उभे. पहिल्या दिवशी केंद्रवाल्याला म्हटलं, सरक, आज टेस्टिंग मी करतो. म्हटलं, इतकी वर्षं ह्या कामात घातली, जरा हात दाखवू. आणि काय सांगू राव! ज्याला त्याला फॅट भरपूर. कालपर्यंत रडतखडत लागायची ती आज उड्या मारत वर चाललेली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "मानूस लई चांगला आलाय!" दुसऱ्यानं चहा मागवला. मी भुवया वर करून चहा प्यालो.

कळंबला परतताना अर्ध्या वाटेत मला घाम फुटला. आमच्या यंत्रावर गाईला एक बटण असतं आणि म्हशीला वेगळं. मी लोणीच्या झाडून सगळ्या गाईंचं दूध म्हशीच्या बटणावर मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर बटण दाबलं. फॅट मूळ जागेवर आली. आणि काल ज्यानं चहा मागवला तोच ओरडला, "काल व्हती, आज कुठं गेली? सुपरवायझरनं खाल्ली काय?"

मागे सरकायला जागा नव्हती. मागे कॅन होते. मी म्हटलं, "न्हाई भाऊ. काल म्या म्हशीचं बटण दाबलं व्हतं."

 मग एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आरं, एका बोटानं गाईची म्हस करनारा पयलाच सायेब बघितला म्या!" आणि मग सगळेच हसले. मी ते यंत्र उचललं, आतल्या टेबलावरून बाहेरच्या कट्ट्यावर आणलं, आकडे लोकांकडं तोंड करून ठेवले. म्हटलं, आजपासून बटण मी दाबणार आणि कुठलं दाबलं ते तुम्ही बघणार. त्यानंतर रोज सकाळी तिथं उभा राहिलो. पावसात, चिखलात, एकदा तर ताप अंगात असताना. दुसऱ्या डेअरीकडं निघालेली केंद्रं थांबली. गेलेले दोघंचौघं किटली हलवत परत आले. ह्या कामाबद्दल मला कुणी विचारलं तर मी लाजत नाही, मान खाली घालत नाही. ते मी चांगलंच केलं.

चांगलं काम झालं की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्या तर गॉगलमधूनही गेली. दिवाळीनंतर एकदा लोणीहून परत येत होतो. मोटारसायकल मी चालवतोय, मागे मॅनेजरसाहेब. कळंबच्या अलीकडं रस्ताभर मेंढरं. मी हॉर्न दाबला. दाबतच राहिलो. कळपातला एक एडका थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि येऊन पुढच्या चाकाला अशी धडक दिली की गाडी बंद पडली. मेंढरांमागून आवाज आला, "ओ सायेब! हार्न मान्सासाठी आसतो. खाली उतरा."

नाना होते. मला ओळखलं त्यांनी, पण मागे साहेब बसलेले बघून पुढं काही बोलले नाहीत. एडक्याला मात्र बोलले.

साहेबांनी विचारलं, "ओळखीचे का रे?"

आता काय सांगावं? लोणी गाजवणारा सुपरवायझर मी. म्हटलं, "हे काय, रस्त्यावरची वळख."

साहेब नुसतं "असं होय" म्हणाले. कळप पुढं त्यांच्याच रानाकडं चालला होता. बाजरी निघाली की कांदा लावायच्या आधी साहेब दरसाल नानांची मेंढरं रानात बसवतात. म्हणजे रात्री कळप त्या रिकाम्या रानात थांबतो, लेंड्या-मुताचं खत पडतं आणि मालक त्याबद्दल ज्वारी आणि पैसे देतो. आमच्या भागात हे जुनंच चालत आलंय. साहेबांचा कांदा नानांच्या मेंढरांवर पोसतो, हे मला माहीत होतं. त्या मेंढरांचा धनी माझा चुलता आहे, हे साहेबांना माहीत नसावं, अशी मी सोय केली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं.

त्यानंतर पुण्याचं पत्र आलं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवलं. सुपरवायझरच्या जागेला डेअरीचा डिप्लोमा लागतो. मी इतिहास घेऊन बी.ए. गाईलाही इतिहास असतो, पण तो हेड ऑफिसात चालत नाही. तेव्हा बढती नामंजूर, मी पुन्हा टेस्टर. आणि मधल्या महिन्यांत जो जादा पगार दिला गेला तो वसूल करावा.

सगळा मिळून एक बरी गाभण कालवड दावणीला आली असती एवढा पैसा. त्यातला काही गावजेवणात गेला, काही मोटारसायकलच्या टायरांत, थोडा गॉगलमध्ये. उरलेला बायकोनं माझ्या हाती लागू न देता बाजूला ठेवला होता, त्यात ह्या महिन्याचा पगार मिळवला की मुलीच्या फीचा दुसरा हप्ता होणार होता. तो महिनाअखेरीला भरायचाच होता. पगारातून कापलं तर फी बोंबलली, एवढं सरळ होतं.

आता शहाणा माणूस म्हणाला असता, साहेब, विचार करून सांगतो. पण आमच्या केबिनला काच आहे. काचेपलीकडं सगळे टेस्टर, ड्रायव्हर, वॉचमन हातातली कामं सोडून माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोक्यावरून, गेटापलीकडं, फ्लेक्सवरचा मी माझ्याकडं बघत होतो. माझी छाती आपोआप पुढं आली.

"घ्या की कापून, साहेब! तेवढ्यानं आपलं काय आडतंय?"

साहेब चपापले. "एकदम जड जाईल रे. हप्ते करून देतो."

"हप्ते कशाला? एकदमच घ्या."

आणि बाहेर येऊन मी एक भरलेला कॅन विनाकारण उचलून विनाकारण दुसरीकडं ठेवला, सगळ्यांना दिसावं म्हणून. कंबर दोन दिवस दुखत होती.

घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, मग बोलली.

"सुपरवायझर केलं तवा तुमाला इचारलं न्हाई. काढलं तवा बी इचारलं न्हाई. पैसं कापू का म्हनून तेवढं इचारलं, आन तुमी व्हय म्हनून आला?"

"लोकं बघत व्हती गं."

"लोकं फी भरनारेत का? काम केलं का न्हाई तुमी लोणीत?"

"केलं की."

"का नुस्ता फेटा जात व्हता तिकडं?"

"न्हाई, मीच जात व्हतो."

"मग केल्या कामाचं पैसं माघारी कशाचं? आन त्या फोटोतल्यावानी भुवया वर करून माज्याकडं बघू नका. सकाळी जावा आन न्हाई म्हनून या."

'हो' म्हणून आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला जायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सकाळी जाताना गाडीचा वेग आपोआप सायकलचा झाला. साहेबांच्या रानापाशी आलो तर मेंढरं जाळीतून बाहेर काढून नाना चरायला न्यायच्या तयारीत. मी थांबलो. आदल्या भेटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. एडक्यानं तेवढा लक्षात ठेवला होता, तो माझ्या चाकाकडंच बघत होता.

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नाना, मालकानं दिलं का सगळं?"

"दिलं. जवारी घरी पोच झाली."

"आन समजा, ह्या रानात कांदा लावायचं त्यांनी ऐनवेळी रद्द केलं, तर पैसं माघारी मागतील का?"

नाना माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी सकाळीच काहीतरी पिऊन आलोय.

"माघारी? मग काय लेंड्या येचून नेऊ का म्या? मेंढरं बसली, रान खताळलं, झालं. कांदा लावंल न्हाईतर कुसळं उगवंल, आपला काय संबंध? तुज्या डेअरीत हल्ली असलंच शिकिवतात का?"

नाना हसत कळपामागं गेले. मी तिथंच उभा. आणि मग गाडी अशी पळवली की वॉचमन गेट उघडायच्या आधीच मी आत.

केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. काल काच होती, आज दारही असू दे.

"साहेब, काल म्या फुशारकीत व्हय म्हणलो. आज न्हाई म्हणतो. माजं पैसं कापू नका."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आरे, पत्र बघितलंस ना तू? पद मंजूर नाही, तर पदाचा पगार कसा द्यायचा?"

"तुमच्या रानात मेंढरं बसलीत ना?"

"बसलीत. त्याचं काय?"

"तुमी ज्वारी दिली, पैसं दिलं. आता समजा, पुण्याहून कुणी कळवलं की ह्या रानात कांदा लावायला मंजुरी न्हाई. तर त्या मेंढरवाल्याकडनं ज्वारी माघारी आणायला कुणाला पाठवणार? मी जाऊ का?"

"काहीतरीच काय बोलतो! रात्र-रात्र मेंढरं बसलीत तिथं. खत पडलंय रानात. कुठल्या तोंडानं परत मागायचं?"

"मग माजं खत लोणीत पडलंय, साहेब. आखा पावसाळा पडलंय. तिकडचं दूध हितं आलं ते तुमी विकलं. सुपरवायझर नव्हतो तर नव्हतो, पर तिथं उभा मीच व्हतो. काढून घ्यायचं असंल तर लोणीतनं माजं काम येचून आणा आन द्या माघारी. मी पैसं देतो."

दाराबाहेर कुणाच्या तरी हातातलं झाकण पडलं. साहेबांनी पत्र पुन्हा उचललं. मला वाटलं, आता टेस्टरचीही नोकरी गेली. गेलीच आहे तर सगळंच सांगून टाकू, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणालो, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं, "आन तुमच्या रानात बसतात ती मेंढरं माज्या सख्ख्या चुलत्याची हायेत. आमी मेंढरवालेच. परवा रस्त्यावरची वळख म्हणलो ते खोटं."

साहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आरे गड्या, तुला काय वाटलं, मला माहीत नाही? तुझ्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत नाना आहेत की, कोकरू घेऊन! गेटातून रोज आत येतो मी. तुझ्याकडं बघतंय कोण, मी तर रोज त्या कोकराकडं बघतो. तू रस्त्यावरची ओळख म्हणालास तेव्हा मागे बसून हसू दाबता दाबता पडणार होतो गाडीवरनं."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला एकदम हलकं वाटलं, आणि छाती काल काचेसमोर फुगली होती त्याच्या दुप्पट फुगली. काल आत नुसती हवा होती. आजच्या छातीत काहीतरी होतं.

साहेबांनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हां, साहेब, ते वसुलीचं... नाही, कापता येणार नाही. सांगतो का ते. तुम्ही मेंढरं बसवलीत का कधी रानात?... नाही, नाही, मटणाचं नाही म्हणत मी... विकत घ्यायची नाहीत हो, बसवायची!... बरं, राहू द्या मेंढरं." मग त्यांचा आवाज बदलला. "सरळ सांगतो. काम आपण त्याच्याकडनं करून घेतलंय. तिकडची केंद्रं त्याच्यामुळं टिकली. त्याला पद द्यायचं नाही तर देऊ नका, पण पगार तुमच्या मंजुरीची वाट न बघता मी वाढवला, त्याचा दोष माझा. कापायचं तर माझ्यातनं कापा."

पलीकडून बहुतेक 'बघू' असं आलं. साहेबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "जा आता. आणि परत कधी माझ्यासमोर 'एकदमच घ्या' म्हणालास तर खरंच घेईन."

ते बघेपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पगाराच्या दिवशी मोबाइल वाजला तेव्हा मी यंत्रासमोर होतो. बँकेचा मेसेज. टेस्टरचा पगार, पण पुरा, एक रुपया न कापता. साहेबांना विचारलं, तुमच्यातनं तर नाही ना कापलं? ते म्हणाले, "कुणाची हिंमत आहे!" बायकोनं मेसेज स्वतः वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला, आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन फी भरून आली. मला नेलं नाही. म्हणाली, "तुमी तिथं काउंटरवर बी म्हनाल, सगळ्या वर्गाची घ्या."

लोणीला आता डिप्लोमावाला तरुण सुपरवायझर आलाय. चांगलाय, नम्र आहे. पहिल्या दिवशी म्हातारीनं त्याला बजावलं म्हणे, "सायेब, यंत्र भाईर कट्ट्यावरच राहू द्या, आमची तशी पद्धत हाय. आन बटण बघून दाबा." आमची पद्धत! मला कुणी ते सांगितलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला चहा पाजत होतो.

गेटासमोरचा फ्लेक्स उतरवायला मी स्वतः शिडीवर चढलो. टाकून द्यावा म्हणत होतो, पण नाना आले आणि गुंडाळी करून घेऊन गेले. थंडी वाढली तेव्हा साहेबांच्या रानात गेलो, तर तिथं कोकरं ठेवायच्या बांबूच्या डालग्यावर तोच फ्लेक्स ताणून बांधलेला. छापलेली बाजू आतून. वाकून बघितलं. गॉगलवाला मी उलटा लटकतोय आणि खाली इवलीइवली कोकरं एकमेकांना चिकटून झोपलीत.

"माजं तोंड आत का लावलं, नाना?"

"भाईर लावलं व्हतं," नाना म्हणाले. "एडका धडका मारत व्हता."